कुंपणानं शेत खाल्लं तेव्हा

१५ डिसेंबर २०१३च्या रात्री दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षक दलातच आपसांत गोळीबार सुरू झाला. सकाळ होईतो भांडण बराकींतून रस्त्यावर आलं होतं. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर डिंका जमातीचे, तर पाच महिन्यांपूर्वी त्यांनी घरी बसवलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक मचार न्यूएर जमातीचे. तेवढं पुरेसं होतं. सरकारी गणवेशातले सैनिक न्यूएर वस्त्यांत घरोघर फिरून माणसं वेचून मारू लागले. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली कुटुंबं शहरातल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या दोन तळांकडे धावली. एक विमानतळाला लागून असलेला टोंगपिंगचा, दुसरा शहराच्या कडेचा ‘यूएन हाऊस’. हे तळ बांधले होते ते गाड्या, डिझेलच्या टाक्या, कार्यालयं आणि कर्मचाऱ्यांचे कंटेनर ठेवायला. हजारो माणसांना प्यायला पाणी कुठून द्यायचं आणि संडास कुठे खणायचे, याचा विचार तिथल्या कुठल्याही नकाशात नव्हता. तरी फाटकं उघडली गेली. काही आठवड्यांत देशभरातल्या तळांवर मिळून सत्तर हजारांहून जास्त लोक आत आले. पुढे हा आकडा दोन लाखांवर गेला.

शांतिसेनेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुधा दोन टोकांचं असतं. एका टोकाला निळ्या हेल्मेटमधला शांतिदूत, ज्याची आठवण समारंभांत आणि शहीद झाल्यावर निघते. दुसऱ्या टोकाला वैताग: इतकी वर्षं, इतका पैसा, आणि लढाई आहे तिथेच. गंमत अशी की दोन्ही बाजूंच्या हातातली मोजपट्टी एकच आहे, ती म्हणजे शांतता आली की नाही. माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची. शहरातली साथ हटली नाही म्हणून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला जाब विचारण्यासारखं ते आहे. शांतता करायची असते लढणाऱ्यांनी, आणि त्यांना ती करायला लावायची असते त्यांना बंदुका, पैसा आणि मान्यता पुरवणाऱ्या देशांनी. तैनात सैन्याला विचारायचा प्रश्न लहान आहे, पण जास्त अडचणीचा आहे: जो माणूस तुमच्या कुंपणापर्यंत पोचला, तो वाचला का? दक्षिण सुदानमध्ये याचं उत्तर बरेचदा ‘हो’ आहे आणि काही वेळा लाजेनं मान खाली जावी असं ‘नाही’ आहे.

मुळात तिथल्या शांतिमोहिमेचं काम वेगळंच ठरलं होतं. सुदानच्या उत्तर आणि दक्षिण भागांतलं दीर्घ युद्ध २००५च्या कराराने थांबलं, जानेवारी २०११च्या सार्वमतात दक्षिणेतल्या जवळपास ९९ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूनं मत दिलं, आणि ९ जुलै २०११ला जगातला सगळ्यात नवा देश जन्मला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाची ‘अनमिस’ ही मोहीम सुरू झाली. सात हजार सैनिक, आणि जबाबदारी काय, तर नव्या सरकारला उभं राहायला मदत करायची. पोलीस घडवायचे, न्यायालयं, तुरुंग, प्रशासन यांची घडी बसवायची. थोडक्यात, मोहीम सरकारची जोडीदार म्हणून आली होती. नागरिकांचं रक्षण कागदावर होतंच, पण गृहीत असं की ते आधी सरकार करील आणि ते कमी पडलं तर मोहीम हात देईल. डिसेंबर २०१३मध्ये कुंपणानंच शेत खायला सुरुवात केली आणि हे गृहीतक एका रात्रीत मोडलं. ज्या सरकारच्या संमतीवर तुमचं तिथे असणं अवलंबून, त्याच सरकारच्या सैनिकांपासून त्याच्याच नागरिकांना वाचवायचं! सुरक्षा परिषदेने नाताळच्या आदल्या दिवशी सैनिकांची मर्यादा १२,५००वर नेली. पण कामाची यादी बदलून राष्ट्रउभारणीऐवजी नागरिकांचं रक्षण वर आणायला मे २०१४ उजाडला. मधले पाच महिने मोहीम कागदावर एक आणि फाटकावर दुसरंच काम करत होती.

फाटक उघडणं ही साधी माणुसकी होती, त्यात विशेष ते काय, असं वाटेल. शांतिसेनांचा इतिहास तसं म्हणू देत नाही. ११ एप्रिल १९९४ रोजी रवांडाच्या किगाली शहरात एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार तुत्सी आसऱ्याला होते. आत बेल्जियमच्या शांतिसैनिकांची तुकडी होती आणि बाहेर कोयते घेतलेले लोक वाट पाहत होते. परदेशी नागरिकांना बाहेर काढण्याचा आदेश आला, तुकडी निघून गेली, आणि त्याच दिवशी आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. पुढल्याच वर्षी बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साजवळ डच सैनिकांच्या तळावरून आसऱ्याला आलेल्या लोकांना बाहेर काढून सर्ब सैन्याच्या ताब्यात जाऊ दिलं गेलं. त्या प्रकरणात २०१९ साली नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच देशाला अंशतः जबाबदार धरलं. ‘नागरिकांचं रक्षण’ हे शब्द आदेशात स्पष्टपणे येऊ लागले ते या दोन धड्यांनंतर, पहिल्यांदा १९९९मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेत. जुबातली फाटकं उघडली तेव्हा किगालीची ती शाळा फाटकावरच्या प्रत्येकाला आठवत असेलच असं नाही, पण वरच्या अधिकाऱ्यांना नक्कीच माहीत होती.

आणि फाटक उघडण्याची किंमत लगेच मोजावी लागली. १९ डिसेंबरला जोंगलेई प्रांतातल्या अकोबो इथल्या लहानशा तळावर हत्यारबंद न्यूएर तरुणांचा मोठा जमाव चालून आला. आत आसऱ्याला आलेले डिंका लोक त्यांना हवे होते. त्या हल्ल्यात दोन भारतीय शांतिसैनिक मारले गेले आणि अनेक आश्रित नागरिकही. म्हणजे जुबात ज्यांची शिकार होत होती, त्यांचेच भाऊबंद इथे शिकारी होते. एक बाजू सज्जन आणि दुसरी दुर्जन असं ज्यांना हवं असतं, त्यांना हे युद्ध सोयीचं नाही.

आत आलेल्यांचं जगणं कसं होतं हे जवळून पाहिल्याशिवाय या मोहिमेची बाजू मांडण्यात अर्थ नाही. तेलपट्ट्यातल्या बेंटियूचा तळ घ्या. तिथली जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी, उन्हात भेगाळणारी आणि पावसात गाडी गिळणारी. २०१४च्या पावसाळ्यात छावणीत गुडघाभर पाणी साचलं, त्यात संडासाचं पाणी मिसळलं, आणि आया मुलांना कडेवर घेऊन रात्र रात्र उभ्या राहिल्या. तरी लोक बाहेर गेले नाहीत. उलट येतच राहिले, आणि पुढच्या वर्षी ही छावणी लाखाच्या वर गेली. घाणीत उभं राहणं परवडलं, पण बाहेर जाणं नको, हा त्या लोकांचा हिशेब कुठल्याही अहवालापेक्षा मला जास्त बोलका वाटतो. छावणीभोवती मातीने भरलेल्या जाळीच्या पिंपांची भिंत, वर काटेरी तारांची भेंडोळी, कोपऱ्यांवर पहारा. पण चुलीला सरपण लागतंच आणि ते कुंपणाबाहेर. पुरुष गेला तर मारला जाण्याची भीती, म्हणून बाई जाई, आणि वाटेत तिच्यावर बलात्कार होई. घराघरांत हा हिशेब रोज मांडला जात होता. पुढे शांतिसैनिकांनी सरपणाच्या वाटेवर गस्त सुरू केली. ठरलेल्या दिवशी बायकांचा जथा मधे आणि मागे-पुढे चिलखती गाड्या. युद्धशास्त्राच्या पुस्तकात या कामाला जागा नसेल, पण तिथल्या बाईच्या दृष्टीने संपूर्ण मोहिमेचा अर्थ त्या गस्तीत होता.

आता नामुष्कीची पानं. एप्रिल २०१४मध्ये बोर गावात एक जमाव निवेदन द्यायचंय असं सांगत तळापाशी आला आणि आत घुसून त्याने पन्नासच्या आसपास माणसं मारली. शांतिसैनिकांनी गोळीबार करून त्यांना हुसकावलं, पण उशिरा. फेब्रुवारी २०१६मध्ये मालाकालला घडलं ते याहून वाईट. सत्तेचाळीस हजारांच्या आसपास लोकांची छावणी, त्यात शिल्लुक, न्यूएर आणि डिंका अशा तिन्ही जमातींचे लोक, आणि कुंपणाला बरेच दिवस भोकं पडलेली. त्या भोकांतून बंदुका आत आल्या. १७ तारखेच्या रात्री आतल्या आत भडका उडाला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी सैन्याच्या गणवेशातली माणसंही आत शिरली. किमान तीस जण मेले आणि छावणीचा मोठा भाग जळून खाक झाला. तिथे इथिओपिया, रवांडा आणि भारत यांच्या तुकड्या होत्या. चौकशीत आदेशांचा गोंधळ, सोडलेले पहारे असं सगळं निघालं. एका तुकडीने गोळी चालवण्यासाठी लेखी परवानगी मागितल्याचंही पुढे आलं. समोर झोपड्या पेटलेल्या असताना कागद मागणारा हा अधिकारी आपल्याला अगदीच अनोळखी वाटू नये. फायलीवर सही नसली की हात न हलवणारी जमात कुठल्या एका देशाची नाही.

त्याच वर्षी जुलैत जुबात पुन्हा लढाई पेटली. चार दिवसांत सुमारे तीनशे माणसं मेली, दोन चिनी शांतिसैनिकही त्यांत होते. ११ जुलैला ‘टेरेन’ नावाच्या निवासी संकुलात सरकारी सैनिक घुसले. त्यांनी एका स्थानिक पत्रकाराला ठार मारलं आणि परदेशी मदत-कर्मचारी स्त्रियांवर बलात्कार केले. यूएन हाऊस तिथून जेमतेम एक-दीड किलोमीटरवर. आतून मदतीचे निरोप जात होते, पण एकही तुकडी फाटकाबाहेर पडली नाही. निवृत्त डच सेनाधिकारी पॅट्रिक कॅमेर्ट यांच्या चौकशीने नोंदवलं की चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत यांच्या चार तुकड्यांवर एकसंध हुकमत नव्हती, त्यांना परस्परविरोधी आदेश मिळत होते, आणि चिनी सैनिकांनी काही मोर्चे सोडले होते. सरचिटणीस बान की-मून यांनी मोहिमेच्या केनियन सेनापतीला पदावरून दूर केलं. केनिया चिडला आणि त्याने आपले सैनिकच परत बोलावले. टेरेनच्या गुन्हेगारांना मात्र २०१८मध्ये दक्षिण सुदानच्याच लष्करी न्यायालयाने शिक्षा दिल्या. दहा जणांना, आणि तेही बाहेरचं दडपण होतं म्हणून, असं म्हणायला हरकत नाही.

ही यादी वाचून कोणी म्हणेल की मग तुमच्या लहान मोजपट्टीवरही मोहीम नापासच झाली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण नापास का झाली ते नीट पाहायला हवं, कारण सैनिक भित्रे होते हे उत्तर सोपं असलं तरी अपुरं आहे. शांतिसैनिकाला दोन मालक असतात. डोक्यावर निळं हेल्मेट, पण खांद्यावरचा बिल्ला आपल्या देशाचा. आणि खरी वेळ येते तेव्हा तो फोन आपल्या राजधानीला लावतो. लोकांच्या देशातल्या लोकांच्या भांडणात आपली किती मुलं खर्ची घालायची, याचं उत्तर प्रत्येक राजधानी आपल्या मतदारांकडे बघून देते. त्यात भर यजमान सरकारच्या संमतीची. मोहिमेचं हेलिकॉप्टर उडायचं तर त्याआधी सरकारकडून सुरक्षिततेची हमी घ्यावी लागते. ही औपचारिकता नव्हे. डिसेंबर २०१२मध्ये, म्हणजे यादवीच्याही आधी, दक्षिण सुदानच्या सैन्याने मोहिमेचं हेलिकॉप्टर पाडलं आणि त्यातले चार रशियन कर्मचारी गेले. रस्त्यावर नाके, विमानतळावर अडवणूक, गस्तीला नकार हे तर नित्याचंच. ज्याच्यापासून रक्षण करायचं त्याच्याच दारात परवानगीचा अर्ज घेऊन उभं राहायचं, अशी ही नोकरी.

यापेक्षाही मोठा दोष न्यूयॉर्कमधल्या त्या अर्धवर्तुळाकार टेबलाचा आहे. डिसेंबर २०१३मध्ये सैनिक वाढवायला तयार झालेल्या सुरक्षा परिषदेने या देशात शस्त्रं जाऊ नयेत म्हणून बंदी घालायला साडेचार वर्षं घेतली. डिसेंबर २०१६मध्ये असा ठराव आला तेव्हा त्याला पंधरापैकी सात मतं पडली. रशिया, चीन, जपानसह आठ देश तटस्थ राहिले आणि ठराव पडला. जुलै २०१८मध्ये बंदी लागली, तीही नेमक्या नऊ मतांनी, म्हणजे किमान जितकी लागतात तितक्याच. एका हाताने कुंपण धरायला माणूस पाठवायचा आणि दुसऱ्या हाताने बाजारात आग लावायची काडी विकू द्यायची, आणि वर त्या माणसालाच विचारायचं की आग का विझली नाही. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी २०१८मध्ये केलेल्या अंदाजानुसार या युद्धामुळे सुमारे ३,८३,००० माणसं मेली. त्यांतली साधारण निम्मी थेट हिंसेने आणि बाकीची भूक, रोग आणि विस्थापनाने. त्यातली कित्येक कुठल्याही तळापासून फार दूर, दलदलीत आणि गुरांच्या तळांवर मेली. कुंपणापर्यंत पोचणं हेच मुळात नशीब होतं.

दुसरा आक्षेप तिथली सरकारी मंडळी हिरिरीने मांडतात. या छावण्यांनी लोकांना परावलंबी केलं, जमातींना वेगळं कोंडून ठेवलं, आणि बंडखोरांना लपायला जागा दिली. यात तथ्याचा अंश आहे. छावण्यांत हत्यारं सापडत, टोळ्या माजत, आणि लढवय्ये अधूनमधून विसाव्याला येत हे खरं. पण जमातींची फाळणी छावणीने केली नाही. घरोघर फिरून कपाळावरच्या व्रणांवरून आणि बोलीवरून माणसं वेचणाऱ्यांनी ती आधीच केली होती. परावलंबनाबद्दल म्हणाल, तर कीर आणि मचार यांचा २०१८चा शांतता करार आणि फेब्रुवारी २०२०चं संयुक्त सरकार आल्यावर मोहिमेने एकेका छावणीवरचा आपला पहारा उठवला. बोर आणि वाऊपासून सुरुवात झाली, मार्च २०२१मध्ये बेंटियूची पाळी आली. पहारा सरकारी पोलिसांकडे गेला आणि बरेच लोक तरीही तिथेच राहिले. फुकटच्या धान्यासाठी राहिले म्हणणाऱ्यांनी एकदा बेंटियूच्या पुराकडे बघावं. परतायचं कुठे, गावंच पाण्याखाली.

पैशाचा मुद्दा लवकर निपटतो. अनमिसचा वार्षिक खर्च सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण दहा हजार कोटी रुपये राहिला आहे. २०२४-२५मध्ये जगभरातल्या सगळ्या शांतिमोहिमांचा मिळून खर्च ५.६ अब्ज डॉलर धरला होता. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. जगातल्या सगळ्या निळ्या हेल्मेटांना मिळून एका शहराच्या महापालिकेपेक्षा कमी पैसा लागतो, हे लक्षात ठेवून मग उधळपट्टीबद्दल बोलावं.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात टोकदार सवाल. या सैन्याने सगळं नुसतंच लोंबकळत ठेवलं असेल, तर ते निघून गेल्यास काय बिघडेल? शेजारच्या सुदानमधल्या दारफुरने हा प्रयोग करून दाखवला. तिथली मोहीम आधी वर्षानुवर्षं आकसत गेली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तिची मुदत संपली. अल जेनेना शहरात तीन आठवड्यांच्या आत शंभराहून अधिक माणसं मारली गेली. २०२३मध्ये सुदानमध्ये युद्ध भडकल्यावर त्याच शहरात मासालित जमातीच्या लोकांची जी कत्तल झाली, तिच्यातल्या मृतांचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी दिलेला अंदाज दहा ते पंधरा हजारांचा आहे. मोहीम असती तर हे टळलंच असतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दारफुरची ती मोहीम स्वतःही काही फार धडाडीची नव्हती. पण धावत सुटलेल्या माणसांना तिथे फाटक उरलं नव्हतं, एवढं नक्की. एका देशाच्या उदाहरणावर विश्वास नसेल तर लिसा हल्टमन आणि सहकाऱ्यांचा २०१३चा अभ्यास आहे. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवलं की शांतिमोहिमेत सैनिक आणि पोलीस जितके जास्त, तितकी नागरिकांची हत्या कमी. नुसते निरीक्षक पाठवले तर मात्र तसा फायदा दिसत नाही. वही-पेन्सिल घेऊन उभ्या माणसाला कोणी घाबरत नाही, हे आपल्याला अभ्यासाशिवायही कळलं असतं; पण संख्येचा असा सरळ परिणाम होतो, हे कळायला आकडेच लागले.

भारताचा या प्रश्नाशी संबंध टाळ्या वाजवण्यापुरता नाही. अनमिसमध्ये वर्षानुवर्षं दोन हजारांहून अधिक भारतीय सैनिक राहिले आहेत, आणि शांतिमोहिमांत आजवर सगळ्यात जास्त, सुमारे १८० सैनिक आपल्याच देशाने गमावले आहेत. २०१९ ते २०२२ या काळात या मोहिमेचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर, आणि त्यांच्यानंतर आलेले मोहन सुब्रमण्यनही भारतीयच. मालाकाल आणि बोरच्या भारतीय तुकड्यांनी चालवलेले गुरांचे दवाखाने तिथे भलतेच लोकप्रिय झाले. जिथे लग्नाचं देज, भांडणाचा दंड आणि माणसाची पत गाईंमध्ये मोजतात, तिथे गाय वाचवणाऱ्या डॉक्टरचं ऐकलं जातं. आपली वर्तमानपत्रं अशा बातम्या आवडीने छापतात. मालाकाल आणि जुबाच्या २०१६च्या चौकश्यांत भारतीय तुकड्यांचाही उल्लेख आहे, हे मात्र सहसा छापलं जात नाही. गोळी कधी चालवायची, फाटकाबाहेर कधी पडायचं, आणि दिल्लीचा फोन येईतो थांबायचं की नाही, यावर आपल्या संसदेत कधी सविस्तर बोलणं झालं तर ते दवाखान्याच्या छायाचित्रांपेक्षा जास्त उपयोगाचं होईल.

कारण प्रश्न संपलेला नाही. मार्च २०२५मध्ये नासिर गावात वेढ्यात सापडलेल्या सरकारी सैनिकांना बाहेर काढायला गेलेल्या मोहिमेच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. त्यात एक कर्मचारी आणि एक सरकारी जनरल मारले गेले. त्याच महिन्यात मचार यांना जुबात नजरकैदेत टाकलं गेलं. डिसेंबर २०२४ला ठरलेली देशातली पहिली निवडणूक आधीच दोन वर्षं पुढे गेली होती. आणि नेमकं २०२५मध्येच, अमेरिकेसह मोठ्या देणेकऱ्यांचे पैसे थकल्यामुळे जगभरातल्या शांतिसैनिकांत सुमारे एक चतुर्थांश कपात करायचं संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलं. कपात म्हणजे आधी लांबचे तळ जातात आणि मग गस्ती.

बेंटियूत आता छावणीभोवती कुंपणाबरोबर मातीचा बांधही आहे. २०१९पासून लागोपाठ आलेल्या पुरांनी आजूबाजूचा मुलूख बुडवला तेव्हा मोहिमेतल्या पाकिस्तानी इंजिनियर तुकडीने तो उभारला. गाव, छावणी, धावपट्टी सगळं त्या बांधाच्या आत, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. काळी माती पाणी पिऊन फुगते, खचते, तिला तडे जातात, म्हणून यंत्रं सतत बांधावर फिरत असतात. एका बाजूला क्षितिजापर्यंत पाणी, दुसऱ्या बाजूला लाखभर माणसं, आणि मधे डिझेल भरून उभा असलेला एक पिवळा एक्स्कॅव्हेटर.